लख्ख घासलेली डाइम

"एका वेळी एकच गिऱ्हाईक," जुन्या नाण्यांच्या दुकानातला काउंटरमागचा म्हातारा मास्कमधूनच म्हणाला. संकेतने आईकडे बोट दाखवून तिला इंग्रजी जमत नाही असं काहीतरी सांगितलं, तेव्हा त्याने मान हलवून दोघांनाही आत घेतलं.

विभावरीबाईंना ते झोंबलं. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला इंग्रजी जमत नाही म्हणे! जमत होतं की. डब्लिनच्या माणसांच्या तोंडातलं कळत नव्हतं, एवढंच. पण आज भांडायचा दिवस नव्हता. त्यांनी पर्समधून लाल बटवा काढला आणि त्यातली डाइम काउंटरवर ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढं अमेरिकन नाणं, १९१६ सालचं, चांदीचं. कसं लख्ख चमकत होतं!

या डाइमची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. विभावरीबाईंचे यजमान नंदकुमार जिल्हा परिषदेत कारकून. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला बायकोसाठी मोत्याच्या कुड्या आणायला म्हणून इतवारीच्या सराफ्यात गेले, आणि मोडीच्या ढिगात ही काळी टिकली दिसली म्हणून कुड्यांचे पैसे तिच्यात घालून घरी आले. वर पुन्हा म्हणतात, "विभा, ही लाखाची चीज आहे." झालं! पुढची पंचवीस वर्षं ती डाइम विभावरीबाईंची सवत होऊन कपाटात राहिली, कागदाच्या चार घड्यांत. "हात लावू नकोस हं तिला," हे नंदकुमारांचं पालुपद. नातेवाइकांत त्यांची टिंगल करायची संधी बाईंनी एकदाही सोडली नाही. "आमचे लखपती आले," म्हणायच्या. ते आपले हसायचे. सात वर्षांपूर्वी तसेच हसत गेले.

आणि आता त्या डाइमवर घर टांगलं होतं. संकेतने डब्लिनच्या कडेला क्लोनडॉकिनला घर पसंत केलेलं, डिपॉझिटला दहा हजार युरो कमी पडत होते. उपाय त्याने कधीच शोधून ठेवला होता, नागपूरचा फ्लॅट विकायचा. "आई, तू आता इथेच राहणार ना? मग बंद घराचा मेन्टेनन्स कशाला भरायचा?" इथेच राहणार, हे ठरवलं कोणी? तीन महिन्यांसाठी आलेली बाई विमानं बंद पडली म्हणून दीड वर्ष अडकली, तेवढ्यावर ती इथली झाली? पण मुलाच्या घरात बसून मुलाला नाही कसं म्हणायचं. शेवटी त्यांनी पर्समध्ये सोबत आणलेली डाइम पुढे केली. संकेतने नेटवर पाहिलं, मागच्या बाजूचं दुर्मिळ टांकसाळीचं बारीक 'डी' अक्षर पाहिलं आणि उडालाच. मायलेकांचं ठरलं. डाइमचे दहा हजार आले तर फ्लॅटला हात लावायचा नाही, आणि आईचं पुढच्या महिन्याचं तिकीट.

म्हाताऱ्याने नाणं कडांना धरून उचललं, डोळ्याला भिंग लावलं. मग तो संकेतशी बोलला.

"आई, हा म्हणतोय खरी आहे! डी पण अस्सल आहे. लोक खोटा डी चिकटवतात म्हणे, ही तशी नाही."

"खरी आहे?" विभावरीबाईंचा आवाज चिरकला. "म्हणजे हे खरं बोलत होते?"

म्हाताऱ्याने डाइम दिव्याखाली तिरकी केली. फिरवली. पुन्हा तिरकी केली.

"क्लीन्ड," तो म्हणाला.

हा शब्द मात्र बाईंना चटकन कळला. त्या एकदम पुढे झाल्या. "येस, येस! आय डू. एव्हरी दिवाळी!" अंगठ्याने तळहातावर घासूनही दाखवलं. "संकेत, सांग नं त्याला. आधी चिंच, मग रांगोळी, मग मऊ फडक्याने पुसते. लक्ष्मीपूजनाला ठेवते मी. मागच्या दिवाळीला इथेसुद्धा घासली."

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. बाईंकडे न बघता तो बराच वेळ संकेतशीच हळू आवाजात बोलत राहिला.

"काय म्हणतो?"

"आई, घासलेल्या नाण्याला धड ग्रेड मिळत नाही. नुसतं 'घासलेलं' असं लिहून देतात. वरचा मूळचा थर गेला की गेलाच. बारीक रेघा पडल्यात सगळीकडे."

"मग किती?"

"अकराशे देतो म्हणतोय. युरो."

"आणि काळीच राहिली असती तर?"

"दहा हजार तरी. जास्तच."

"अरे देवा."

"बाबा सांगायचे ना तुला, हात लावू नको म्हणून!"

"सांगायचे. मला वाटायचं, माझा भरवसा नाही त्यांना."

ते गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला विभावरीबाईंनी कागदाच्या घड्या उलगडल्या होत्या. आत ती काळीठिक्कर टिकली. बाईंना भडभडून आलं. एवढी जिवापाड जपलेली वस्तू, आणि अशी कळकट? माणूस होता तोवर कदर केली नाही, निदान त्याच्या वस्तूची तरी करावी. म्हणून घासायला घेतली. सात दिवाळ्या घासली. आठवण जितकी जास्त यायची तितका हात जोरात चालायचा. पंचवीस वर्षं तो माणूस खरं बोलत होता आणि ते खरं त्यांनी स्वतःच्या हातांनी चिंचेच्या पाण्यात धुऊन टाकलं. कुणावर चिडायचं आता? चिडायलाही कुणी उरलं नव्हतं.

"ठेवायची की द्यायची?" संकेतने विचारलं.

"दे. तिच्यावरच्या रेघा माझ्या हाताच्या आहेत. मला नाही बघवणार."

बाहेर गाडीत बसल्यावर संकेतने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "आई, मला पण बरं वाटत नाहीये गं. पण आता..."

"कर फोन."

नागपूरचा एजंट विनय पहिल्याच रिंगला फोनवर आला. संकेतने स्पीकर चालू केला.

"नमस्कार काकू! गिऱ्हाईक पक्कं आहे जी, उद्याच बघून घेतो म्हणते. फक्त किल्लीचं सांगा."

"शेजारी वृंदाकडे आहे."

"ती घेतली होती मागं. पण काही केल्या फिरून नाही राहिली. कुलूपवाल्याला आणू का? तोडून टाकू?"

"काहून तोडता? चांगलं आहे ते." विभावरीबाईंनी समोरच्या काचेकडे बघत डावा हात थोडा पुढे केला, जणू दार तिथेच होतं. "दार आपल्याकडे ओढून धरा. मग खालून जरासं उचला. हां. आता फिरवा, फिरते."

"बरं काकू."

"आणि विनय, जोर नका लावू."