मुकं चीज

सकाळी रोझेरच्या गाई विकल्या गेल्या. दूध घालायचा कोटा, म्हणजे ठरावीक दूध विकायचा सरकारी हक्क, त्याने आदल्याच महिन्यात विकला होता, आणि कोट्याशिवाय केबेकमध्ये गाय म्हणजे दावणीला बांधलेलं नुसतं खाणारं तोंड.

संध्याकाळी घरचेच जेवायला बसले. लेकीने, मोदने, चीजचे तुकडे मधोमध ठेवले. ताजं चीज दाताखाली नव्या बुटासारखं करकरतं. रोझेरने एक तुकडा चावला. आवाजच नाही.

"कुठलं गं हे?"

"सीमेपलीकडचं, बाबा. आपली चीज फॅक्टरी बंद झाली ना."

"तरीच. मुकं आहे मेलं," तो म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा सैल झाला.

त्याची बायको फेर्नांद फणकारली. "जन्मभर कोट्याला शिव्या घातल्यात. जास्तीचं दूध शेणखड्ड्यात ओतावं लागलं, तेव्हा बाजार खुला करा म्हणून कोण ओरडत होतं? झाला बघा आता खुला, पलीकडच्या चीजला."

रोझेरने मान खाली घातली. मग तिलाच वाईट वाटलं. शिळ्या चीजला जरा ऊब दिली की ते पुन्हा वाजतं, म्हणून तिने तुकडे तव्यावर फिरवून आणले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"घ्या, आता खाऊन बघा."

त्याने तुकडा चावला. चीज करकरलं, अगदी त्याच्या गाईंच्या दुधाचं करकरायचं तसंच.

रोझेर चावायचा थांबला. ते मुकं राहिलं असतं, तर आजची रात्र तरी निभली असती.