गवत्याला नथ

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बिधुबाला बांबूने तळ्यावरचा हिरवा थर ओढत होती. मुगाच्या डाळीएवढी पानं, पण सगळं तळं झाकून टाकलं होतं मेल्यांनी. काठाशी ढीग लावावा, मान वळवावी, की मागे पुन्हा हिरवं. आणि घाटावर थोरले दीर हरकांत मंडल पान चघळत बसलेले. मदतीला बोट उचलायचं नाही, उपदेश मात्र फुकट.

"छोटोबौनं म्हणं मासं मागवल्यात," ते आकाशाकडं बघत म्हणाले. "गवत खाणारं मासं! उद्या वाघ येईल दारात, पालेभाजी द्या म्हणत."

बंगालातल्या या शालुकडांग्यात धाकट्या भावाची बायको, म्हणजे छोटोबौ, थोरल्या दिराशी बोलत नाही. डोक्यावरचा पदरही ढळू देत नाही. मग बिधुबाला बोलायची तिच्या लंगड्या बदकाशी.

"पुटे," ती पदराआडून म्हणाली, "काही जण नुसतं खात्यात. वाघ न्हाईत, मासं न्हाईत, बदकंबी न्हाईत. त्यास्नी काय म्हणायचं गं?"

पुटी बिचारी शेवाळ चिवडत राहिली. दिरांनी पानाची पिंक टाकली, तीही तळ्यातच.

नवऱ्यामागे बिधुबालाच्या वाट्याला आलं होतं ते एवढंच, या सामाईक तळ्याचा अर्धा हिस्सा. त्यातले रुई-कातला मासे विकून ती जगत होती. मागच्या साली या हिरव्या गोधडीखाली मासे गुदमरून पांढरे होऊन तरंगले. यंदाही तसंच झालं, तर भावाच्या दारात जाऊन भावजयीच्या हातचं मोजकं खाणं आलं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला वाटे.

हंडीतलं पाणी तळहाताने थापटत मासेवाला आला. तिने वीतभर लांबीचेच गवत्या मासे निवडून घेतले. बारके टाकले असते तर तळ्यातल्या मरळांनी गिळले असते, एवढी अक्कल तिला होती. दिरांना नव्हती, पण ती त्यांना कशातच नव्हती.

थंडी संपेस्तोवर गवत्यांनी तळं चाटूनपुसून ठेवलं, हिरवं उरलं ते एका कोपऱ्यात. घाटाच्या पायऱ्या पाण्यातून दिसायला लागल्या. गावात दीर सांगत सुटले, "आपल्याच डोक्यातली युक्ती!"

फाल्गुनात त्यांच्या लेकीचं, शेफालीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी वराकडे मोठा रुई पाठवायचा, नवरीसारखा नटवून, हा रिवाज. बाजारात जाऊन विकत घेतील तर ते हरकांत कसले? त्यांनी तळ्यात जाळं ओढलं. रुई अजून वीतभरच होते, ते निसटले. सापडले ते धष्टपुष्ट गवत्या. एक नटवायला काढला, बाकीचे सगळे मेजवानीला.

बिधुबाला धावत आली. "पुटे, सांग त्यास्नी! हे रुई न्हाईत! ह्यांच्यावाचून तळं मरंल!"

दिरांनी बायकोकडं बघितलं. "सांग तिला, अर्धं तळं माझं, म्हंजी अर्धा मासा माझा."

"मग तोंडाकडचा अर्धा माझा, म्हणावं! गवत तोच खातो!"

सगळे हसले. मासे मात्र गेले.

गवत्याला लाल बनारसी नेसवली, नथ घातली, कपाळी सिंदूर, तोंडात विडा. थाटात परातीतून गेला. विहीणबाई जन्मापासून मासे कापत आलेल्या. एक खवला बघून त्यांनी ओळखलं, आणि पोट चिरलं तर आत ठासून हिरवं शेवाळ. भर मांडवात त्या म्हणाल्या, "रुई धाडतो म्हणालात, आणि ही साडी नेसवून गाय धाडलीत?" लग्न लागलं, पण बिचारी शेफाली सासरी 'गवत्याची लेक' झाली. तिच्यासाठी बिधुबालाला वाईट वाटलं. दिरांसाठी तिळभर नाही.

ज्येष्ठात जावईषष्ठी आली, जावयाला बोलावून जेवू घालायचा सण. जावईबापू धुतलेलं धोतर खांद्यावर टाकून अंघोळीला घाटावर गेले, नि तसेच कोरडे परतले. तळं या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार. "सासरेबुवा, ह्यात अंघोळ करायची का नांगर धरायचा?" त्यांनी विचारलं. पंगतीसाठी जाळं टाकलं, तर वर आला शेवाळाचा गोळा. हिरव्यातल्या फटींतून बिधुबालाचे रुई तोंड वर काढून धापा टाकत होते. अजून जिवंत होते.

दुपारी दीर घाटावर आले. बिधुबाला बांबूने थर ओढत होती. पुटी पायरीवर बसलेली. दिरांनी घसा खाकरला, इकडंतिकडं पाहिलं, आणि मोठी माणसं कुठवर उतरतात बघा, बदकापुढं वाकले.

"पुटे... छोटोबौला इचार, ते गवत्या पुन्हा मिळत्याल का? जावई हसून गेला गं."

बिधुबालाने बांबू खाली ठेवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिने डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि दिरांच्या डोळ्यांत बघितलं. पलीकडं भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"मासं मी आणीन," ती म्हणाली. "जाळं आजपासून माझ्या घरात ऱ्हाईल. मला इचारल्याबिगर तळ्यात दोरासुदिक पडायचा न्हाई. कबूल असंल तर आत्ता जाऊन जाळं आणा."

भावजयीला उत्तर देणं रिवाजात बसेना, न देणं परवडेना. शेवटी दीर मान खाली घालून पायरीकडं बघत पुटपुटले, "पुटे, सांग तिला, आणतो."

पुटी केव्हाच उठून पाण्यात गेली होती.