हयात की मयत

शहापूरच्या एसटी स्टँडसमोर माझं सायबर कॅफे होतं. दोन हजार आठच्या सुमारास एकेक फॉर्म ऑनलाइन व्हायला लागला आणि माझं दुकान म्हणजे दुसरी कचेरीच झाली. फॉर्म अडला की लोक माझ्यावर चिडायचे, मी कॉम्प्युटरवर चिडायचो. तो मेला कुणावरच चिडायचा नाही. लाल अक्षरात तेच तेच सांगत बसायचा.

त्या उन्हाळ्यात तानसाकडच्या एका वाडीतली सरू तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी छाया दहावी पास झाली होती. वाडीतून दहावी झालेली ती पहिलीच. तिला ठाण्यातल्या एका नर्सिंग शाळेत जायचं होतं. राहणं-खाणं तिथंच होतं. नाही लागला नंबर, तर दिवाळीनंतर आईबरोबर वीटभट्टीवर.

नाव, गाव, जात, मार्क, सगळं भराभर भरलं. मग आलं, 'वडील: हयात / मयत'. पुढे लाल चांदणी. म्हणजे हे भरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

"बाबा कुठे असतो गं?" मी विचारलं.

छाया आईकडे बघायला लागली. सरूच बोलली. "बुधू? भट्टीवरनं बाजारला गेला व्हता भाऊ, मीठमिरची आणाया. आला नाय. लय शोदला. पोलिसांनी लिवूनबी घेतला नाय."

"किती वर्षं झाली?"

"तीन-चार पावसाळं झालं."

मी 'हयात' दाबलं. खाली दोन चौकटी उघडल्या. वडिलांची सही आणि वडिलांच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला. आता हरवलेल्या माणसाची सही कुठून आणायची? म्हटलं, 'मयत' दाबून बघू. तर सरूनं माझा हातच धरला.

"नको दाबू भाऊ. त्याचं दिवस घातलं नाय आमी. जित्या माणसाला मेला लिवाचा? पाप लागंल माज्या पोरीला."

"अहो ताई, नुसतं बघतोय. पुसता येतं ते."

"मेला लिवल्यावं पुसतात कदी?"

मी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक बाई म्हणाली, "सर, दोनपैकी एक पर्याय निवडावाच लागेल." मी म्हटलं, मॅडम, तिसरं काहीतरी झालंय. ती म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तिसरं नाही." फोन ठेवून मी टेबलावर हात आपटला. छाया घाबरली, म्हणून मला आणखीच वाईट वाटलं.

सरू उठली. "शेवटची तारीख कंदी?"

"पंधरा दिवसांनी, सोमवारी."

"येतू," म्हणाली आणि गेली.

त्या सोमवारी आली ती ओळखूच येईना. कपाळ कोरं, हात मोकळे. बरोबर तिचा मोठा दीर झिपरू होता, डोकं भादरलेलं. वाडीनं पेंढ्याचा माणूस करून बुधूच्या नावानं जाळला होता, त्याचे दिवस घातले होते, सगळ्यांना जेवायला घातलं होतं. भगतानं आधी बारा वर्षं थांबा म्हणून सांगितलं, तर सरू त्याच्याशीही भांडली होती म्हणे. छायाचे डोळे सुजले होते. ती कॉम्प्युटरकडे बघतच नव्हती.

"आता लिव," सरू म्हणाली. "आता खोटं नाय. आता मेला तो."

मी 'मयत' दाबलं. सहीची आणि दाखल्याची, दोन्ही चौकटी मिटल्या. सरूनं श्वास सोडला. आणि खाली नवीन चौकट उघडली, 'मृत्यू नोंदणी क्रमांक'.

"काय मागते?" झिपरूनं विचारलं.

"मेल्याचा दाखला. ग्रामपंचायतीचा."

"अख्ख्या वाडीनं बघितलाय! मी सोता आग दिली. माजा आंगठा घे."

मी चौकटीत 'नाही' लिहिलं. म्हणे, फक्त अंक भरा. शून्यं भरली. म्हणे, क्रमांक अवैध. रिकामी सोडली तर पानच हलेना. मनाचा आकडा ठोकावा, तर खालीच सूचना होती, खोटी माहिती आढळल्यास उमेदवार कायमची बाद. मी ग्रामसेवकाला फोन केला. तो भला माणूस होता. म्हणाला, "मयताशिवाय नोंद कशी घालू रे? सात वर्षं होऊ दे, कोर्टात जा." मी त्याला वाट्टेल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं, कारण त्याच्याही हातात काही नव्हतं.

संध्याकाळ झाली. मी कधी हे दाबत होतो, कधी ते. मग वीज गेली. परत आली तेव्हा पानावर लिहिलं होतं, मुदत संपली.

छाया म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. पुढच्या वर्साला बघू." मला समजवायला म्हणाली. पुढच्या वर्षीही तीच चौकट उघडणार, हे तिला माझ्यासारखंच कळलं होतं.

झिपरू बाहेर जाऊन उकिडवा बसला. सरू मात्र खुर्चीतून उठेना. पडद्याकडे बघत तिनं विचारलं, "भाऊ, हितं आता काय लिवलंय? जिता का मेला?"

"काहीच नाय, ताई. दोन्ही कोरं हाय."

तिनं कपाळावरून हात फिरवला.

"मग मी आता घरी कोन म्हून जाऊ?"