पूल कुठे गेला?

“पूल कुठे गेला, बाई?” कॉफीचा कप बशीत ठेवत फेहमींनी विचारलं.

मुझय्यनबाईंनी चेहरा कोरा ठेवला. कोर्टात आणि नोटरीच्या कचेरीत इंग्रजीचं तुर्की आणि तुर्कीचं इंग्रजी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि कोरा चेहरा हा त्या धंद्याचा अर्धा भाग होता.

“कुठला पूल?”

“हा आत्ता बोलला तो. ब्रिज म्हणाला. म्हातारा झालोय मी, बहिरा नाही झालो अजून.”

फेहमींना इंग्रजी येत नव्हतं, पण नेमका हा एक शब्द येत होता. तुर्कस्तानातल्या एदिर्नेत, मेरिच नदीवरच्या दगडी पुलाला लागून त्यांचं चहाचं दुकान होतं. झाडांखाली टेबलं, टेबलांवर चहाचे नाजूक पेले. बसमधून उतरलेला प्रत्येक परदेशी माणूस चहाच्या आधी पुलाची चौकशी करायचा. उभा जन्म तो शब्द ऐकण्यात गेला होता.

त्यांचा प्रश्न साधा होता. लग्न झाल्यावर माझ्या पोरीला कुठे ठेवणार? कॉलिन, गावातल्या खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारा लांबडा इंग्रज, त्यावर हसून एक वाक्य बोलला होता. मुझय्यनबाईंनी ते तुर्कीत सांगितलं, “दोघं मिळून विचारानं ठरवू, म्हणतात.” त्यात पुलाचा पत्ता नव्हता.

आता इंग्रज माणूस हे वाक्य उठता-बसता वापरतो. पुलापाशी पोचलो की पूल ओलांडू. म्हणजे ती वेळ येईल तेव्हा बघू, आत्तापासून डोकं कशाला शिणवा. तुर्कीत त्याला ‘वेळ आली की बघू’ एवढंच म्हणतात, आणि बाईंनी ते झोपेतही सांगितलं असतं. पण मुलीच्या बापाला तोंडावर ‘बघू’ म्हटलं, की बोलणी तिथंच फिसकटणार. शिवाय येताना दारातच त्या मुलीनं, निलायनं, त्यांचा हात धरला होता.

“ताई, बाबा भारी संशयी आहेत. याच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं, तर जरा सांभाळून सांगा हं.”

बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. ज्यांच्या पोटात काही नसतं, ती माणसं दुभाष्याला दारात गाठत नाहीत. पण हे काही कोर्ट नव्हतं, आणि मुलीचा हात बर्फासारखा गार होता. त्या ‘बरं’ म्हणून गेल्या.

“अहो, येताना पुलावरून आला असेल तो,” निलायची आई हमियेत म्हणाली.

“मी विचारतो काय, हा सांगतो काय? आणि पुलाशेजारची जागा कुणाची आहे? माझी. जागेवर डोळा आहे का याचा?”

“बाबा, काहीतरीच काय.”

“तू गप गं. बाईंना विचारतोय मी.”

बाईंना सांगावंच लागलं. “बोलायची पद्धत आहे ती त्यांची, फेहमीसाहेब. पुलापाशी पोचलो की पूल ओलांडू, असं म्हणतात. म्हणजे, वेळ आली की बघू.”

“असं होय. मग मघाशी ‘विचारानं ठरवू’ म्हणालात, तो विचार त्याचा की तुमचा?”

फेहमी कॉफीचा घोट घेऊन वर पाणी प्यायले आणि कॉलिनकडे बघत बसले. त्या बिचाऱ्याला काही कळत नव्हतं. तो छान हसला.

त्याचं ते हसणं बाईंना खटकत होतं. तसं म्हटलं तर कॉफी आली तेव्हापासूनच. मुलगी मागायला येणाऱ्या मुलाच्या कॉफीत तिकडे मुलगी मूठभर मीठ घालते, आणि त्यानं तोंड वाकडं न करता ती प्यायची असते. निलाय तबक घेऊन आली, तेव्हा हमियेतनं मध्येच ते हातात घेतलं, मिठाईची बशी मावावी म्हणून फिरवलं आणि परत दिलं. कॉलिन आरामात प्यायला, वर कॉफी फार छान आहे म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मीठ प्यायलेला माणूस कितीही शूर असला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. याचे डोळे कोरडे ठणठणीत. इतका सराईत आहे हा, बाईंना वाटलं, तर आणखी काय काय पचवत असेल?

“राहू दे,” फेहमी म्हणाले. “मुलगी मागणार कोण?”

इथं अडलं. मुलाकडच्या वडीलधाऱ्या माणसानं अल्लाचं आणि पैगंबरांचं नाव घेऊन मुलगी मागायची असते. कॉलिनचे वडील हयात नव्हते आणि आईचा पाय प्लास्टरमध्ये होता.

“ह्याच आल्यात की त्याच्या बाजूनं,” फेहमींनी बाईंकडे बोट केलं. “बाई, तुम्ही मागा.”

“मी दुभाषी आहे.”

“ते दिसलं. पण आता त्याचं सांगायचं नाही. तुमचं सांगायचं. तुम्ही मुलगी मागितलीत, की उद्या काही कमीजास्त झालं तर मी त्याच्याकडे नाही जाणार. तुमच्या दारात येऊन उभा राहणार.”

मुझय्यनबाईंच्या तोंडून आजवर कितीतरी लोकांनी गुन्हा नाकारला होता, घरं विकली होती, नवरे सोडले होते. मला कबूल आहे, मला मंजूर नाही. त्यातला एकही ‘मी’ त्यांचा नव्हता. संध्याकाळी घरी जाऊन मांजराला हाक मारायची, तेवढाच काय तो स्वतःचा आवाज.

“अल्लाच्या हुकमानं,” त्यांनी सुरुवात केली, आणि त्या थांबल्या. त्यांना चक्क भीती वाटली. त्या कॉलिनकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “पुलाचं पुरे झालं. हिला कुठे नेणार आहात, ते सांगा. नाहीतर मी उठते.”

कॉलिननं निलायकडे पाहिलं. निलायनं सतरंजीकडे. मग तो खालच्या आवाजात बोलला, आणि या वेळी हसला नाही.

“न्यूझीलंडला,” बाईंनी सांगितलं. “तिथं नोकरी धरली आहे. सप्टेंबरात निघायचं. निलायला माहीत आहे. हे मात्र शब्दाला शब्द आहे, फेहमीसाहेब.”

“कुठे आलं ते?” हमियेतनं विचारलं.

“विमानानं किती वेळ लागतो?” फेहमी म्हणाले.

बाईंनी कॉलिनला विचारलं. “अख्खा दिवस. जास्तच.”

“म्हणजे मध्ये पूलबील काही नाही.”

“बाबा, मी सांगणारच होते,” निलाय रडायला लागली.

“कधी? पुलापाशी पोचल्यावर?”

फेहमींनी कप उचलला, राहिलेली कॉफी तळाच्या गाळापर्यंत संपवली आणि तोंड पुसलं. “बाई, आता मागा.”

“अल्लाच्या हुकमानं आणि पैगंबरांच्या शब्दानं,” मुझय्यनबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, “तुमची निलाय आमच्या कॉलिनसाठी मागते.”

“दिली,” फेहमी इतक्या हळू म्हणाले, की कॉलिननं बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याला सांगितलं.

अंगठ्या झाल्या, अंगठ्यांना बांधलेली लाल फीत कापून झाली. हमियेत मुलीच्या गळ्यात पडून रडून घेत होती. फेहमी बाईंना पोचवायला दारापर्यंत आले.

“बाई, कॉफी कशी होती तुमची?”

“छान होती.”

“माझीत मीठ होतं. मूठभर.”

बूट घालता घालता बाई थांबल्या. “मग बोलला का नाहीत?”

“हात बघितलेत का पोरीचे? कसे थरथरत होते. बोललो असतो तर परत करायला गेली असती.” ते उंबऱ्याकडे बघत राहिले. “म्हटलं, तिच्या हातची आहे. पिऊन टाकावी.”

तेवढ्यात कॉलिन बाहेर आला. बाबा काय म्हणतात, म्हणून त्यानं इंग्रजीत विचारलं.

“म्हणतात, कॉफी चांगली झाली होती,” मुझय्यनबाईंनी सांगितलं.

‘कॉफी’ एवढा शब्द फेहमींना कळला. मीठ कुठे गेलं, ते त्यांनी विचारलं नाही.