खिडकी नसलेल्या भिंतीचा पडदा

मी पडदे शिवते. बावीस वर्षं झाली. लोकांच्या घरात स्टुलावर चढून त्यांची भांडणं ऐकायची मला सवय आहे. पण स्पीकरला खोळी शिवून मागणारी बाई पहिल्यांदाच भेटली.

“आणि चांगल्या जाड शिवा,” ताई म्हणाल्या. “ती धुडं मला दिसताच कामा नयेत.”

धुडं म्हणजे छातीएवढे उंच दोन काळे स्पीकर. त्यांच्यासमोर एक खुर्ची. अख्ख्या दिवाणखान्यात बाकी काही नाही हो! फुलदाणी थरथरते म्हणून गेली, तसबिरींच्या काचेवरून आवाज उसळतो म्हणून त्याही गेल्या. सोफा गॅलरीत प्लास्टिक पांघरून पडलेला. जमिनीवर खुर्चीच्या पायांभोवती पिवळ्या चिकटपट्टीच्या खुणा, कारण आवाज म्हणे तेवढ्या एकाच जागी नीट येतो.

“सहा वर्षं मी माझ्याच दिवाणखान्यात उभी असते,” ताई म्हणाल्या. “रविवारी माझी बहीण येतेय. तोवर इथं घर दिसलं नाही, तर मी तिच्याबरोबर निघाले. बॅग भरून ठेवलीये.”

तेवढ्यात त्यांचे यजमान आतून आले. मी मनातल्या मनात त्यांचं नाव कानसेन ठेवून टाकलं.

“खोळी? अहो, कापड आवाज खातं!”

“बघा,” ताई म्हणाल्या. “ह्यांचे मित्र म्हणतात, आवाजाचे शत्रू दोन, एक ओल आणि दुसरी बायको. चहा मात्र ते चौघेही माझ्याच हातचा पितात.”

कानसेन ओशाळले. मग हळूच म्हणाले, “पण खरं सांगू? मला हवं तसं मलाही अजून ऐकू आलेलं नाही. तीनदा वायरी बदलल्या. काहीतरी खरखरतंच.”

मी टेप खाली ठेवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली. ही माझ्या सासूबाईंची शिकवण. रिकाम्या खोलीत आधी टाळी, मग माप. टाळी परत आली तर कापड दुप्पट घ्यायचं, नाही आली तर पातळ चालतं. इथं टाळी नुसती परत आली नाही, टर्रर्र करत दोन भिंतींमध्ये पळत सुटली.

“काय करताय?” कानसेनांनी विचारलं.

“तुमची खोली बडबडी आहे, साहेब. गाणं संपायच्या आत स्वतःचंच सुरू करते. खोळी राहू द्या. खुर्चीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत पडदा लावू.”

“तिथं खिडकीच नाही!” दोघं एकदम म्हणाले. सहा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं.

“एक दिवस लावू द्या. नाही पटलं तर मीच काढून नेते.”

रंग ताईंनी निवडला, पिकल्या जांभळाचा. मी दुप्पट चुण्या घातल्या, आतून जाड अस्तर दिलं आणि शनिवारी दुपारी दांडा ठोकला. पडदा सोडला तशी खोली एकदम भरल्यासारखी झाली. पुन्हा टाळी वाजवली. आली आणि तिथंच बसली.

कानसेनांनी एका गाणाऱ्या बाईची जुनी रेकॉर्ड लावली. ते खुर्चीत, मी स्टुलापाशी, ताई दारात, नेहमीसारख्या उभ्या.

अगं बाई गं! काय सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. ती बाई स्पीकरमध्ये नव्हतीच. ती आमच्या पुढ्यात होती. सूर लावण्याआधी तिनं घेतलेला श्वास मला ऐकू आला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाचणारी अस्सल होती, अंगणच वाकडं होतं.

“अहो, खुर्ची नका ना करकरवू,” ताई दारातून पुटपुटल्या.

कानसेनांनी मान वळवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“मी हललोही नाही.”

त्यांनी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले. तीच ओळ, तोच श्वास आणि गाणाऱ्या बाईच्या डावीकडे, जरा मागे, खुर्चीची बारीकशी कर्र. गाणं रेकॉर्ड होताना कुणीतरी तिथं बसलं होतं. किती वर्षांपूर्वी, कुठल्या खोलीत, देव जाणे. पण त्याचं अवघडणंसुद्धा आम्हाला ऐकू आलं.

“वीस वर्षं ही रेकॉर्ड आहे माझ्याकडे,” कानसेन म्हणाले. “मला कधी कळलंच नाही, तिथं दुसरं कुणी होतं.”

ताई डोळे पुसत होत्या, पण जीभ शाबूत होती. “आणि बघा, त्याला बसायला दिलंय.”

कानसेनांनी खुर्ची उचलून भिंतीकडे नेली, खाली बसून चिकटपट्टी नखानं खरवडून काढली आणि गॅलरीतून मला हाक मारली, “बाई, एक बाजू धरता का?”

आम्ही सोफा आत आणला. कानसेनांनी त्यावरचं प्लास्टिक काढलं.

“कुठं बसू?” ताईंनी विचारलं.

“मधोमध. आवाज तिथं येतो.”

ताई मधोमध बसल्या. पाय वर घेतले. कानसेन कडेला टेकले, जिथं म्हणे काहीच धड ऐकू येत नाही.

“तुम्हाला येतंय का ऐकू?” ताईंनी विचारलं.

“येतंय,” ते म्हणाले. “तू बस.”