अर्धी साक्ष

तुमसरच्या सभेचा दिवस उजाडला की रत्नमाला पहाटेच उठून बसायची. समोरचा चहा तसाच निवून जायचा. पास्टरांची बायको शालू निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्री करून आणायची आणि दारातूनच हाक द्यायची, "चला ताई, आमची साक्ष तयार झाली का?"

साक्ष म्हणजे रत्नमालाच. देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. पण करडीच्या प्रार्थनाघरात ती सांगणाऱ्या बाईचंच नाव तसं पडून गेलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, कुठल्या वाक्याला बाया पदर डोळ्याला लावतात, सगळं तिला पाठ झालं होतं. पाठ झालं होतं याचीच तिला लाज वाटायची.

तिला मिरगी यायची. लग्नानंतर सुरू झाली. एकदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती बांधीतल्या चिखलात तोंडावर पडली. बाजूच्या बाईने केस धरून ओढलं म्हणून जीव वाचला. नवऱ्याने आधी चपला हुंगवल्या, मग भगताचे उंबरे झिजवले, आणि एका दुपारी तिला पिशवीसकट भावाच्या दारात आणून सोडलं. पाणी प्यायलाही तो थांबला नाही. भाऊ प्रफुल्ल मायाळू होता. त्याने कधी एका शब्दाने दुखवलं नाही. पण तिला झटका आला की त्याची बायको लेकरांना घेऊन अंगणात निघून जायची, आणि शुद्धीवर आल्यावर रत्नमालाला ते रिकामं घर दिसायचं.

योगेंद्र तेव्हा नवा पास्टर होता. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा, ऐकायला चार-पाच माणसं. शेजारच्या सीताबाईच्या ओसरीवर त्याची प्रार्थना असायची. घरी करमत नाही म्हणून रत्नमाला एकदा तिथे जाऊन बसली आणि तिथेच पडली. माणसं मागे सरली. योगेंद्र मात्र खाली बसला. त्याने तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, तोंडाचा फेस स्वतःच्या रुमालाने पुसला. तिला शुद्ध आली तेव्हा त्याचा हात तिच्या कपाळावर होता. तो प्रार्थना करत होता आणि रडतही होता.

दुसऱ्या दिवशी त्यानेच तिला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीवर पुढे तो, मागे प्रफुल्ल, मध्ये ती. दिवसभर रांगेत उभा राहिला. डॉक्टरने गोळ्या दिल्या, दोन वेळा घ्यायच्या, आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. त्यानंतर झटका आला नाही. पुढच्या हिवाळ्यात वैनगंगेच्या पाण्यात तिचा बाप्तिस्मा झाला. घरात बुद्धवंदना म्हणणारा प्रफुल्ल काठावर येऊन उभा राहिला होता. ओल्या अंगावर चादर टाकत तो एवढंच म्हणाला, "बाई, तू कुठंही जाय, पण गोळी चुकवू नोको."

रत्नमालासाठी हे सगळं एकच होतं. देवाचा हात कुठे संपतो आणि डॉक्टरचा कुठे सुरू होतो, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. पहिल्या साक्षीत तिने सगळं सांगितलं. परतताना योगेंद्र हळूच म्हणाला, "ताई, दवाखान्याचं राहू द्या ना. लोक म्हणतात, गोळीनंच बरं झालं तर मंग देवानं काय केलं?"

ज्याने आपलं डोकं मांडीवर घेतलं त्याला नाही कसं म्हणायचं? तिने मान हलवली. पुढच्या सभेत दवाखाना गेला. मग मोटारसायकल गेली. शेवटी उरलं ते असं, की पास्टरजींनी हात ठेवला आणि ती उठून चालायला लागली.

लोक येत गेले. टिनाचं शेड जाऊन प्रार्थनाघरावर स्लॅब चढला, मागच्या बाजूला रत्नमालाला खोली मिळाली, तुमसरच्या बसस्टँडवर तिच्या चेहऱ्याचे फ्लेक्स लागले. गोळी मात्र तिला न्हाणीघरात, नळ सोडून घ्यावी लागायची. डोकं दुखलं तरी सांगायची सोय नव्हती. स्वयंपाक करताना जरा अंधारून आलं की ती भिंत धरून उभी राहायची आणि आत्ता नको, इथे नको, असं पुटपुटायची. पूर्वी झटका आला असता तर ती आजारी ठरली असती. आता आला तर देव खोटा ठरणार होता.

"एखादी सभा मी राहू देतो," ती एकदा शालूला म्हणाली.

शालू जवळ बसली. "ताई, तुमच्याकडं पाहून किती लोक देवाजवळ आले. तुम्हीच घरी बसल्या तर त्याइनं कोणाकडं पाहाचं?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर सुटायला वाट नव्हती.

त्या दिवशी तुमसरला मांडव गच्च भरला होता. साक्ष झाल्यावर प्रार्थनेसाठी रांग लागली. तिच्यात एक नवी लग्न झालेली पोरगी सासूचा हात धरून उभी होती. पुढे आल्यावर सासूनेच सांगितलं, "मी देवकाबाई. हे माही सून रिता. हिलेबी तुमच्यासारखेच झटके येतात."

योगेंद्रने रिताच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे मिटलेले होते. रिता रत्नमालाच्या कानाशी वाकली. "ताई, मी गोळ्या घेतो. तुम्ही घेता का जी? का सोडल्या?"

मागून रांग पुढे रेटत होती. माईक सुरू होता. रत्नमालाने योगेंद्रकडे पाहिलं, मग त्या पोरीच्या तोंडाकडे.

"देवावर भरवसा ठेव, बेटा," ती म्हणाली.

शब्द खोटे नव्हते. तरी परतीच्या गाडीत दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसताना तिला वाटलं, आपण कुणाला तरी पाण्यात ढकलून आलो आणि मागे वळून पाहिलंही नाही.

पुढे एका रविवारी देवकाबाई करडीला आली. ती भांडायला आली असती तर रत्नमालाला सोपं गेलं असतं. देवकाबाईच्या तोंडावर आशा होती.

"चला जी ताई घरी. रिताचा हात भाजला. चुलीवर भात मांडून होता, अन् तिथंच पडली."

"अन् गोळ्या?"

"गोळ्या कवाच्याच नाल्यात फेकल्या! तुमचं आयकलं त्याच दिवशी. म्हणलं, देव याइचं करते तर माह्या सुनेचं काहून नाई करणार?"

रत्नमाला दाराची चौकट धरून उभी राहिली. योगेंद्र दुसऱ्या गावच्या सभेला निघाला होता. गाडीत बसता बसता म्हणाला, "जा ताई, हात ठेवून या. देव करेल."

रिताचं घर तुमसरच्या अलीकडे, धानाच्या शेतांना लागून होतं. ती खाटेवर पडली होती. कोपरापासून खाली हातावर टूथपेस्ट फासलेली, त्यावर ओलं फडकं. तिने हसायचा प्रयत्न केला. "ताई, माह्या भरवशातच काही कमी पडलं असन."

रत्नमाला खाटेजवळ बसली. तिने हात ठेवला, डोळे मिटले. पाठ असलेली एकही ओळ जिभेवर आली नाही. मनात नुसतं माफ कर, माफ कर चाललं होतं. हे ती देवाला म्हणत होती की या पोरीला, ते तिचं तिलाही कळलं नाही. डोळे उघडून तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली.

"देवकाबाई, पाणी द्या."

दोघींच्या समोर तिने गोळी तोंडात टाकली आणि गिळली.

देवकाबाई पाहत राहिली. "हे कायची गोळी?"

"मिरगीची. मी रोज घेतो. दोन टाइम. एक दिवसबी सोडली नाई."

"मंग तुम्ही त्या स्टेजवर लबाड बोलल्या?"

"अर्धं बोलली."

"अर्धं बोलणं लबाडच होते, बाई!" देवकाबाईचा आवाज चढला. शेजारीण कुडावरून डोकावली. "माह्या सुनेचा हात जळला! तुमच्या तोंडाकडं पाहून आम्ही दवाई फेकली. अन् गोळ्याच खायच्या तर मंग तुमच्या देवानं केलं तरी काय?"

हाच प्रश्न. याच्याच भीतीने एवढी वर्षं तिने नळ सोडून गोळी घेतली होती. आणि आता उत्तर द्यायला तिला शोधावंही लागलं नाही.

"माणूस पाठवला," ती म्हणाली. "मले कोणी शिवत नव्हतं तवा एका माणसानं माह्यं डोस्कं मांडीवर घेतलं अन् मले दवाखान्यात नेलं. मी वाचली ते स्टेजवर उभं राहून टाळ्या घ्यासाठी नाई वाचली. मले लवकर समजाले पाहिजे होतं. उठ रिता, भंडाऱ्याले जाऊ."

"कुठं नाई जात थे!" देवकाबाई आडवी आली.

पण रिता उठून बसली होती. "मी जातो, आई," ती म्हणाली आणि पायांनी चपला चाचपू लागली.

दोघी बसमध्ये बसल्या. बस सुटणार तोच देवकाबाई धापा टाकत चढली, त्यांच्या मागच्या सीटवर बसली आणि भंडाऱ्यापर्यंत रत्नमालाच्या नावाने बोलत राहिली. रत्नमालाने ऐकून घेतलं. दवाखान्यात रिताचा हात धुऊन पट्टी झाली, तिला दाखल करून घेतलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर रागावला तेव्हा देवकाबाई पहिल्यांदा गप्प झाली.

रत्नमाला करडीला परतली. योगेंद्र प्रार्थनाघराच्या पायरीवर बसून होता. त्याच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

"पवनीची सभा ठरली हाये, ताई. फ्लेक्सबी लागले."

"मी येतो. पण पुरी साक्ष सांगीन."

ती खालच्या पायरीवर बसली. "पास्टरजी, मले भंडाऱ्याले कोणं नेलं? रांगेत कोण उभं होतं? मले वाटे, मी साक्षीतून गोळी काढली. गोळी नाई जी. मी तुम्हालेच काढून टाकलं."

योगेंद्रने तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "तुम्हाले वाटते मी विसरलो? तवा पाच माणसं येत. थ्याइले मी काहीबी खरं सांगू शकत होतो. आता मांडव भरते अन् साऱ्याइले चमत्कारच पाहिजे. तुम्ही बोलाले उभ्या राहता ना ताई, तवा दर वेळी मले भेव वाटते, का तुम्ही तिथंच पडसान."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. तीच भीती, तिच्याच शेजारी उभी राहून, इतकी वर्षं तोही गिळत होता. तिला त्याची दया आली आणि रागही आला.

पवनीला तिने सगळं सांगितलं. फेस पुसलेला रुमाल, मोटारसायकल, रांग, गोळी, आणि रिताचा हातसुद्धा. सुरुवातीला "हालेलूया" उठलं, मग ते विरत गेलं. काही जण मधूनच उठून गेले. तिचं बोलणं संपल्यावर योगेंद्रने माईक घेतला आणि तिच्याकडे न बघता गाणं सुरू केलं. त्याने तिला अडवलं नव्हतं. तेवढंच.

पुढच्या सभेला तिला कुणी बोलावलं नाही. काही दिवसांनी तिच्या खोलीत सभेच्या तांदळाची पोती येऊन पडली. शालू म्हणाली, जागाच नाही हो ताई. रत्नमाला समजली आणि पिशवी भरून भावाकडे गेली. गावात कुणी म्हणालं तिचा विश्वास गेला, कुणी म्हणालं आता विहारात येईल. ती दर रविवारी प्रार्थनाघरात जायची, शेवटच्या ओळीत बसायची. पुढच्या ओळीतल्या बाया मागे वळून पाहत नसत.

महिन्याच्या महिन्याला ती रिताला गोळ्यांसाठी भंडाऱ्याला नेऊ लागली. मग रिताच्या गावातली आणखी एक बाई आली, मग शिवारात काम करणारा एक माणूस. सगळे आधी डोकं पुढे करायचे, ताई हात ठेवा. ती ठेवायची. पण त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघून तिला अजूनही वाटायचं, पुन्हा त्याच जाळ्यात पाय पडतोय की काय. म्हणून आमेन झाल्याबरोबर ती विचारायची, "गोळी घेतली का?"

एका संध्याकाळी योगेंद्रचा फोन आला. पवनीच्या सभेनंतर पहिल्यांदाच.

"ताई, इथं एक बाई हाये. लेकीले झटके येतात. मांगच्या दोन्ही सभेले घेऊन आली." मागे ढोलक वाजत होती. "उद्या तुमच्या बसमंदी बसवून देऊ का?"

"द्या. पण तुम्ही तिले सांगितलं का, दवाखान्यात न्या म्हणून?"

ढोलक दूर गेली; तो फोन घेऊन मांडवाबाहेर आला होता.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रत्नमाला चिडून अंगणात उभी राहिली. तिला हवं होतं ते हे नव्हतं. त्याने मांडवात, माईकवर, सगळ्यांपुढे सांगायला हवं होतं. प्रफुल्लने विचारलं, "कोणाचा फोन होता, बाई?"

"पास्टरजीचा. उद्या आणखी एक जण हाये."

सकाळी स्टँडवर ती बाई लेकीला पोटाशी धरून उभी होती. रत्नमालाला पाहताच तिने पोरीचं डोकं पुढे केलं. रत्नमालाने हात ठेवला आणि बस येईपर्यंत प्रार्थना केली. बस आली. बाई जागची हलेना. "आता बरं होईन ना जी? मंग जाव लागते का?" असं विचारत ती रस्त्याकडे पाहत राहिली.

"जाव लागते," रत्नमाला म्हणाली. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि आधी आपण चढली.