भातगिरणीतल्या हलत्या रंगमंचाची कबुली

मी एक रंगमंच आहे. शहरातल्या नाट्यगृहात असतो तसा मी नाही. मला स्वतःच्या भिंती नाहीत, छप्पर नाही, दारही नाही. मुळशी तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यात, एक बंद पडलेली भातगिरणी आहे. तिच्या पोटात मी राहतो. सात लाकडी चौथरे, त्यांच्याखाली अठ्ठावीस चाकं, सहा बांबूच्या चौकटी आणि त्यांवर ताणलेलं जाड कापड, एवढाच माझा देह. माझं कौतुक करणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. ते जे सांगणार नाहीत, ते मी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी सुधीर नावाच्या नाटकवाल्याने ही गिरणी हेरली. तो पुण्याचा. खोऱ्यात त्याचं फार्महाउस होतं आणि शनिवार-रविवारी तो इथेच असायचा. गिरणीचे मालक माऊली, किल्ली त्यांच्याच करदोड्याला. जुनं शेतकरी घर, भाताची खाचरं, आणि अलीकडे पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या. माऊलींनी नाटकाला होकार दिला, पण दोन अटी घातल्या. गिरणीच्या भिंतीला किंवा जमिनीला एकही भोक पाडायचं नाही. आणि वाडीतल्या बायांची जागा मोडायची नाही.

ही वाडी वर डोंगरात आहे. तिथल्या बाया उन्हाळ्यात रानातून हिरडा गोळा करतात, अंगणात वाळवतात, आणि आभाळ भरून आलं की उचलून गिरणीत पसरतात. औषधाला जातो तो हिरडा. भिजला की त्याला बुरशी येते आणि कुणी घेत नाही. माऊलींच्या वडलांनी बायांना ही जमीन वापरू द्यायचा शब्द दिला होता. तेव्हा गिरणी चालू होती. नंतर यंत्र गेलं, शब्द राहिला.

या अटी ऐकून सुधीरने गौतमीला बोलावलं. इमारतींचे नकाशे काढणं हे तिचं काम. ती आली, चपला दाराशी काढल्या आणि खडूने जमिनीवर मला आखू लागली. पहिल्या आखणीत मी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलो होतो. वाडीतली चंद्राबाई तेव्हा दारात उभी होती. साठीची, काटक बाई. डोक्यावर पाटी घेऊन ती सरळ त्या रेषांमधून चालत गेली आणि मध्येच थांबली.

"पोरी, ह्यातनं मी जाईन. माझी पाटी न्हाई जायची."

गौतमीने ओल्या फडक्याने रेषा पुसल्या. त्यानंतर आठ दिवस ती खोकी घेऊन खेळत होती. रिकामी पुठ्ठ्याची खोकी इकडून तिकडे सरकवायची, बायांना विचारायचं, पुन्हा सरकवायची. त्या सरकवण्यातूनच तिला मी सुचलो. चार चौथरे जोडले की रंगमंच. तीन चौथरे प्रेक्षकांच्या पायऱ्या, तेही एकाखाली एक शिरणारे, डब्यात डबा बसावा तसे. बांबूंचे बुंधे सिमेंट भरलेल्या तेलाच्या डब्यांत रोवलेले, म्हणजे भिंतीला खिळा नको. आणि सगळ्याला चाकं.

भुकूमच्या शंभू सुताराने मला घडवलं. पहिला चौथरा त्याने चांगला दणकट केला. गौतमीने चंद्राबाईला आणि वाडीतल्याच साळूबाईला तो ढकलायला सांगितला. तो जागचा हलेना. शंभू म्हणाला, चार गडी लागतील. गौतमी म्हणाली की सकाळी इथे गडी नसतात, बाया असतात. मग आतलं लाकूड निम्मं झालं आणि दोघींच्या जोराने मी सरकलो.

त्या दिवशी गौतमी चंद्राबाईला म्हणाली, "मावशी, संध्याकाळी नाटक, सकाळी जमीन तुमची. हा माझा शब्द."

पहिलं वर्ष तसंच गेलं. संध्याकाळी माझ्यावर राजे-राण्या भांडायच्या, सकाळी मी भिंतीला गप्प उभा. समोर हिरडा पसरलेला आणि बाया पाय लांब करून बसलेल्या. मी सुखात होतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. गिरणीची जमीन मोरीकडे उतरती आहे, त्यामुळे मी हळूहळू घसरायचो. शंभूने चाकांखाली मारायला लाकडी पाचरी करून दिल्या. प्रयोगाआधी त्या ठोकायच्या, प्रयोगानंतर काढायच्या. अर्ध्या तासाचं काम. सुधीरच्या मंडळींना त्याचा कंटाळा येऊ लागला. तोवर गौतमी नोकरीसाठी हैदराबादला गेली होती.

दुसऱ्या वर्षी एका प्रयोगात पाचर नीट बसली नव्हती. एक म्हातारा बाप मुलीला शेवटचं काही सांगतो, असा प्रसंग होता. सगळे श्वास धरून बसले होते, आणि मी दोन बोटं घसरलो. कर्रर्र आवाज झाला. मागच्या पायरीवर कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सुधीर विंगेत उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने शंभूला बोलावलं. चाकं काढ आणि चौथरे जमिनीला बोल्टने आवळून टाक, म्हणाला. शंभूने विचारलं, माऊलींना विचारलंय का. सुधीर म्हणाला, विचारतो, आणि हे फक्त पुढच्या चार प्रयोगांपुरतं आहे. शंभूने ड्रिल मशीन आणलं. मग त्याने भोकं पाडली. चाकं पोत्यात भरून पोटमाळ्यावर गेली.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मला ते आवडलं. नट माझ्यावर उड्या मारायचे आणि मी हलायचो नाही. कुठे करकर नाही, कुठे घसरणं नाही. मला वाटलं, आता मी खराखुरा रंगमंच झालो. इतके दिवस हातगाडी होतो. चार प्रयोग झाले, चौदा झाले. माऊली एकदा आत आले, चपलेच्या टोकाने एक बोल्ट ठोकून पाहिला आणि आपल्या खोल्यांकडे निघून गेले. प्रयोगाच्या दिवशी त्यांच्या खोल्या भरायच्या.

मे महिना आला. एका दुपारी आभाळ भरलं आणि चंद्राबाई अकरा बायांना घेऊन खाली आली. पाट्या भरलेल्या, तीन आठवड्यांचा हिरडा, अजून अर्धा ओला. दोघींनी मला ढकललं. मग चौघींनी. चंद्राबाई वाकली, तिने खाली पाहिलं, बोल्टवर बोट ठेवलं. साळूबाई म्हणाली, माऊलींकडे जाऊ. चंद्राबाई म्हणाली, आधी माल वाचवू, वर पसरा.

माझ्यावर चढण्याआधी त्या सगळ्यांनी चपला काढल्या. दोघींनी तर पाय धुतले. मला ते अजून आठवतं.

दोन दिवस हिरडा माझ्या अंगावर वाळत होता. ओल्या हिरड्याचा रस लोखंडाला लागला की शाईसारखा काळा होतो. बोल्टांभोवती काळे डाग पडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला प्रयोग होता. धरणाकाठच्या एका रिसॉर्टमधले पाहुणे येणार होते. सुधीर नऊला आला. त्याने हिरडा पाहिला, घड्याळ पाहिलं. ओरडला वगैरे नाही. "बाहेर अंगणात काढून ठेवा, नंतर बघू," एवढंच म्हणाला. प्रियंका नावाच्या नटीने विचारलं, कुणाला सांगायला नको का. तो म्हणाला, वेळ नाही. तिने झाडू उचलला. सगळ्यांनीच उचलला. हिरड्याचा ढीग अंगणात गेला.

साडेदहाला सर आली. पाहुणे छत्र्या मिटत आत शिरले, कुणी सेल्फी काढले. प्रयोग सुरू झाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून नट आवाज चढवून बोलत होते. अर्ध्यावर चंद्राबाई दारात येऊन उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होतं. कुणाला तरी वाटलं, ती नाटकाला आली आहे. त्याने खुर्ची आणून शेवटच्या रांगेमागे ठेवली. ती बसली नाही. तिने अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

मी तेव्हा एकदा तरी करकरायला हवं होतं. बोल्टांनी मला तेवढाही आवाज ठेवला नव्हता. शेवटी टाळ्या झाल्या. त्या मी पूर्ण ऐकल्या.

त्या वर्षी वाडीतला एक हिरडाही विकला गेला नाही.

दिवाळीच्या सुमारास गौतमी सुट्टीवर आली आणि एकटीच मला बघायला आली. हसत आली होती. मग तिला डाग दिसले. तिने त्यांवरून बोट फिरवलं, खाली वाकून बोल्ट पाहिले आणि शंभूला फोन केला. शंभू आला. त्याने काही लपवलं नाही, भोकं मीच पाडली असंही सांगितलं. मग दोघं वाडीवर गेली.

तिथे काय झालं ते मला शंभूकडून कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी उभं राहून तो माऊलींना सांगत होता. गौतमीने माफी मागितली. "मी चाकं लावली होती, असं होईल हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. चंद्राबाईने तिला आधी कोरा चहा दिला. मग बोलली.

"च्याकं तू लावलीस. पन कवा ढकलायचं ते कुनी सांगायचं, ह्ये न्हाई ठरवलंस. ज्याच्याकडं किल्ली, त्यानं ठरवलं."

माऊली मान खाली घालून ऐकत होते.

संध्याकाळी गौतमी माऊलींकडे आली आणि म्हणाली की गिरणीची किल्ली चंद्राबाईंकडे द्या. माऊली म्हणाले, मला वाटलं चार दिवसांचा प्रश्न हाय. मग स्वतःच थांबले. "न्हाई. मला ठाव होतं," ते म्हणाले. "आमच्या आबांनी दिलेला शब्द मी खोल्यांपायी इकला." त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली आणि गौतमीच्या हातात न देता स्वतःच वाडीच्या वाटेला लागले.

शंभूने बोल्ट काढले. दोन आतच तुटले, ते त्याने कानस मारून जमिनीसपाट केले. चाकं पुन्हा बसली. सुधीरला कळवलं की यापुढे प्रयोगाची तारीख चंद्राबाईला विचारून ठरेल. असं नाटक करता येत नाही, तो म्हणाला आणि मंडळी घेऊन रिसॉर्टच्या हॉलमध्ये गेला. प्रियंका आणि चार जण मात्र गेले नाहीत.

या मे महिन्यात त्यांचा प्रयोग होता, संध्याकाळी पाचला. दुपारपासून ढग. बायांनी हिरडा आत आणला, मला ढकलून भिंतीला लावलं. चारला प्रियंका विचारायला आली. चंद्राबाईने आभाळाकडे पाहिलं.

"आज न्हाई."

प्रियंका बरं म्हणाली. तोवर लोक गाड्यांतून, एसटीतून येऊन पोहोचले होते. तिने त्यांना सांगितलं की नाटक अंगणात होईल, भिजायची तयारी असेल त्यांनी थांबावं. थोडे गेले, बरेच थांबले. आणि नाटक झालं. माझ्याशिवाय झालं. मी आत, पायऱ्यांत पायऱ्या मिटून, दाराच्या फटीतून शब्द ऐकत होतो. चंद्राबाई हिरडा खालीवर करत बसली होती. मध्येच तिचा हात थांबायचा, बाहेरचं वाक्य संपलं की पुन्हा चालायचा.

माझी लाज गेलेली नाही. डाग घासून निघत नाहीत, आणि ते निघावेत असं मला वाटतही नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी नाटक बघायला इकडे आलात आणि गिरणीचं दार लोटलेलं दिसलं, तर ठोठावू नका. आत माल वाळतोय. छत्री असेल तर उघडा आणि अंगणातच बसा.